दरबारीचा गंधार आणि तीन नवे कीबोर्ड

"सर, कुठला साउंड लावू? ग्रँड पियानो?" दुकानातल्या पोराने विचारलं.

"कुठलाच नको. आवाज बंद ठेव. आधी मला नुसत्या पट्ट्या दाबून बघू दे."

पोरगा गप्प झाला. मनात काय म्हणाला असेल ते मला ऐकू आलं, पण मी लक्ष दिलं नाही. गोव्यातल्या अंत्रुज महालातल्या जत्रा, भजनी सप्ताह, चतुर्थीचे कार्यक्रम अशी अठ्ठावीस वर्षं साथ केल्यावर एक गोष्ट कळते: कीबोर्ड घेताना कानाआधी बोटांना विचारावं. आवाज आजकाल हजारांनी असतात. पट्ट्या मात्र त्याच, आणि त्या रात्री साडेदहापासून पहाटे चारपर्यंत दाबायच्या असतात.

मी शाळेत संगीत शिकवतो आणि रात्री उत्सवी नाटकांना साथ करतो. आमच्या जुन्या पेटीवाल्या बुवांच्या वेळी रंगमंचाच्या पायथ्याशी ऑर्गन असायचा, पायाने भाता मारायचा. तो देवळाच्या प्राकारात उतरवायला चार माणसं लागायची आणि नाटक संपल्यावर त्या चारांतली दोन सापडायची नाहीत. म्हणून कीबोर्ड आला. आणखी एक कारण होतं, ते कोणी उघड बोलत नाही. पहिल्या अंकात काळी तीनमध्ये गरजणारा नट तिसऱ्या अंकात विंगेतून हाताने खूण करतो, अर्धा सूर उतरव. ऑर्गनवर अख्खं पद नव्या पट्टीत वाजवावं लागायचं. कीबोर्डवर एक बटण दाबायचं, नटाची अब्रू वाचते आणि आपली बोटंही.

माझा जुना कीबोर्ड यंदाच्या पावसात गेला. कंपनीचं नाव घेत नाही. पट्टीखाली रबराचे संपर्क असतात, त्यांत दमट हवा शिरली आणि मधल्या सप्तकातला कोमल निषाद मुका झाला. मग पंचम. पंचम नसलेला कीबोर्ड घेऊन भजनाला बसणं म्हणजे काय ते पेटीवाल्यालाच कळेल. दुरुस्तीला मुंबईला पाठवला, तीन महिन्यांनी परत आला. पंचम आला होता, धैवत गेला होता. तेव्हा ठरवलं, आता नवाच बघायचा. पणजीच्या एका दुकानात नवीन मॉडेलं वाजवून बघता येतात असं कळलं, तसा रविवारची सुट्टी टाकून गेलो. (हो, रविवार. सप्ताहाच्या हंगामात आम्हाला रविवारचीच सुट्टी टाकावी लागते.)

ही नवी मॉडेलं कुठून येतात ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमला दर जानेवारीत नॅम नावाचा वाद्यांचा व्यापारी मेळा भरतो. तिथे कंपन्या वर्षभराचा माल मांडतात आणि त्याचे व्हिडिओ आमच्या मोबाइलवर काल्याच्या प्रसादासारखे वाटले जातात. याच मेळ्यात जानेवारी १९८३ मध्ये प्रॉफेट-६०० आणि रोलँड ज्युपिटर-६ हे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथ (विजेवर आवाज घडवणारे कीबोर्ड) एका वायरीने जोडून दाखवले होते. एकावर पट्टी दाबली की दुसरा वाजला. ती मिडीची, म्हणजे वाद्यांनी एकमेकांशी बोलायच्या सामायिक भाषेची, सुरुवात. आज गावातला भजनी मंडळवाला पोरगा कीबोर्ड लॅपटॉपला जोडतो, ती त्याच वायरीची पुण्याई.

पण त्या वायरीत एक गोम आहे. मिडीच्या दृष्टीने पट्टी म्हणजे विजेचं बटण. कुठली दाबली, किती जोरात दाबली आणि कधी सोडली, एवढंच ती मुख्यतः सांगते. दोन पट्ट्यांच्या मधला सूर तिला नीट सांगता येत नाही, आणि आमचं सगळं गाणं तिथेच असतं. पिच बेंडचं चाक असतं खरं, पण ते डाव्या हाताला, आणि फिरवलं की त्या चॅनलवरचे सगळे सूर एकदम सरकतात. उजव्या हाताने मींड घ्यायला, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तोडता सरकायला जावं तर खाली धरलेला षड्जही सोबत घसरतो. गवय्याने मींड घेतली आणि तानपुराही त्याच्या मागून चालू लागला, तर कसं वाटेल?

हा प्रश्न डोक्यात ठेवूनच दुकानात शिरलो होतो.

पहिला यामाहाचा मॉडएक्स एम६. ६१ पट्ट्या, वजन सातेक किलो, म्हणजे एका हाताने उचलून देवळाच्या पायऱ्या चढता येतील. पट्ट्या पियानोसारख्या जड नाहीत. पियानोवाले नाक मुरडतील, पण द्रुत तानेला मला त्याच बऱ्या वाटल्या. पट्टीच्या मागच्या टोकाला, काळ्या पट्ट्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, दाबून बघा. पेटीवाल्याचं बोट तिथे सारखं जातं, कारण कोमल स्वर घेताना हात आत सरकतो. स्वस्त कीबोर्डांवर तिथली पट्टी दगडासारखी लागते. इथे थोडी घट्ट लागली, पण दबली.

यात आवाज तयार करणारी तीन यंत्रं आहेत. एक खऱ्या वाद्यांची मुद्रणं वाजवतं, दुसरं जुन्या ॲनालॉग सिंथची नक्कल करतं, आणि तिसरं एफएम-एक्स, ज्यात एक लहर दुसऱ्या लहरीला हलवते आणि त्यातून तिसराच आवाज निघतो. हे तिसरं माझ्या जुन्या ओळखीचं. १९८३ मध्ये यामाहाने डीएक्स७ काढला होता, सहा ऑपरेटर (लहरी काढणारे) आणि ३२ अल्गोरिदम (त्या लहरी एकमेकींना जोडायच्या तऱ्हा) असलेला. लहानपणी मडगावात एका लग्नाच्या बँडमध्ये मी तो पहिल्यांदा पाहिला: तपकिरी अंग, हिरवट चपटी बटणं, आणि काचेवर चमचा मारल्यासारखा आवाज. जेवायचं सोडून मी त्याच्याजवळ उभा होतो आणि आईने कान धरून पंगतीला नेलं होतं. एफएम-एक्समध्ये ऑपरेटर आठ आणि अल्गोरिदम ८८ आहेत.

मी त्यातून ऑर्गन काढायचा प्रयत्न केला. तयार यादीत पाश्चात्त्य ऑर्गन भरपूर आहेत, चर्चचे, जॅझचे. आपला पायपेटीचा, थोडा नाकातला, भात्याबरोबर श्वास घेणारा आवाज काही त्यात सापडला नाही. मग पोराला म्हटलं, रिकामं पान उघड. पेटीतल्या खर्जाच्या (खालच्या) रीडसाठी एक थर, नराच्या (त्यावरच्या) रीडसाठी एक थर, दुसरा किंचित बेसूर ठेवला, कारण दोन रीड कधीच अगदी एकसारखे लागत नाहीत आणि त्या बारीक फरकातच पेटीचा गोडवा असतो. भात्याचा दाब पायाच्या पेडलला दिला. वीस मिनिटांत जे निघालं ते ऐकून दुकानाच्या दारात उभा असलेला एक गृहस्थ आत आला आणि विचारता झाला, "नाटक खंय आसा?" (कुठे आहे?) मला तेवढी पावती पुरली.

यातली दुसरी कामाची गोष्ट म्हणजे मायक्रो ट्युनिंग. पाश्चात्त्य जुळणीत शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) बसवलेला असतो, तानपुऱ्यातून जो आपोआप ऐकू येतो तो ३८६ वर. चौदा सेंटचा हा फरक कागदावर काहीच नाही, पण यमनात गंधारावर न्यास केला, म्हणजे थांबलं, की जीभ चावल्यासारखं होतं. इथे प्रत्येक स्वर हवा तेवढा चढवता-उतरवता येतो, आणि आधारस्वरही बदलता येतो, म्हणजे काळी एक असो की पांढरी चार, गंधार आपल्या जागी राहतो. मी गंधार १४ ने आणि धैवत १६ ने उतरवले आणि षड्ज-पंचम धरून गंधार लावला. दुकानातल्या पोराने मान वर केली. त्याला का ते कळलं नाही, पण कान उभे राहिले. तक्रार एवढीच की हे पान शोधायला पाच पानं उलटावी लागतात. नांदी चालू असताना हे जमणार नाही, घरून करूनच जावं लागेल.

मींड? चाकावरच. अडलेलं तिथेच अडलेलं.

दुसरा मायक्रोकॉर्ग २. पहिला मायक्रोकॉर्ग २००२ मध्ये आला होता आणि त्यात एका वेळी चार सूर वाजायचे. हा जानेवारी २०२४ च्या नॅममध्ये जाहीर झाला. आता आठ सूर वाजतात आणि छोटा रंगीत पडदाही आहे. पट्ट्या ३७, म्हणजे तीन सप्तकं: मंद्र, मध्य, तार. गाणाऱ्याला याहून जास्त लागतंय कुठे? पण पट्ट्या बारक्या आहेत. माझ्या मधल्या बोटाखाली दीड पट्टी येते. तीव्र मध्यम लावायला गेलो की पंचमाला धक्का लागत होता.

याच्यात व्होकोडर आहे. माईकमध्ये बोलायचं आणि पट्ट्या दाबायच्या, की आपले शब्द सिंथच्या आवाजात सुरावर बोलले जातात. दुकानात घुमट (मातीच्या भांड्याला कातडं लावलेलं आमचं वाद्य) नव्हतं, म्हणून मी माईकपुढे आरतीतले घुमटाचे बोल तोंडाने म्हटले आणि डाव्या हाताने षड्ज-पंचम धरला. जे काही बाहेर आलं ते अर्धं घुमट, अर्धं डबक्यातला बेडूक. माझ्या भाच्याला हे फार आवडेल. तो म्हापशात कॉलेजला आहे, त्याचा बँड आहे, आणि त्याची बोटंही बारीक आहेत. त्याला हा घ्यावा असं मी सुचवलंय. मला नको.

घुमटाचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. कुठल्याही परदेशी कीबोर्डवर घुमटाचा आवाज मला अजून भेटलेला नाही. तबला सगळीकडे, ढोलकी बऱ्याच ठिकाणी. भारतासाठी म्हणून काढलेली मॉडेलंही आहेत. कॅसिओच्या सीटी-एक्स९०००आयएनमध्ये इथल्या वाद्यांचे आवाज आणि ठेके येतात, यामाहाच्या पीएसआर-आय५०० मध्ये तबला-तानपुऱ्यासकट रियाजाची सोय आहे, आणि शिकणाऱ्या मुलांना मी हीच सुचवतो. पण घुमट नाही. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याच्या वारशाचं वाद्य म्हणून मान दिला, पण त्याची खबर जपानपर्यंत काही गेलेली नाही. मॉडएक्स एममध्ये स्वतःचं मुद्रण घालता येतं. आमच्या वाड्यावरच्या एका जुन्या घुमटाचं, अजून घोरपडीचं कातडं असलेल्या, मुद्रण करून ठेवायचा विचार आहे. आता वन्यजीव कायद्यामुळे बकरीचं कातडं लावतात आणि ते बरोबरच आहे, पण तो जुना घुमारा वेगळा, तो निदान एका चिपमध्ये तरी राहो.

कोपऱ्यात कॅसिओचा सीटी-एस१०००व्ही होता, २०२२ चा. यात फोनवर शब्द टाइप केले की कीबोर्ड ते गातो, बावीस तऱ्हेच्या आवाजांत. त्याला इंग्रजी आणि जपानीच येतं हे मला माहीत होतं, तरी रोमन अक्षरांत विठ्ठलाचं नाव घातलंच. विठ्ठल अमेरिकेतून आला. त्या कीबोर्डाचा त्यात काही दोष नाही, ज्या भाषा त्याला शिकवल्या त्या तो नीट गातो. आम्ही दोघं, मी आणि तो पोरगा, हसून हसून बसलो.

तिसरा कीबोर्ड दुकानात नव्हता. त्यासाठी आसगावला जावं लागलं, आणि मी बुवांना घेऊन गेलो.

माझा एक जुना विद्यार्थी तिथे घरातच स्टुडिओ चालवतो. त्याच्या कपाटावर मिक्सरशेजारी एक चांदीच्या रंगाचं चपटं यंत्र होतं, रोलँड टीबी-३०३. १९८१ मध्ये एकट्या गिटारवाल्याला बासची साथ मिळावी म्हणून हे काढलं, चाललं नाही, बंद पडलं. मग त्याची बटणं पिळून पिळून वेगळ्याच लोकांनी त्यातून किंचाळणारा आवाज काढला, आणि नव्वदीच्या दशकात हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावर तो रात्रभर घुमला. सिंथवाल्यांच्या जगात गोवा म्हटलं की लोकांना तेच संगीत आठवतं. मंगेशीतून दीनानाथ आणि अभिषेकीबुवा गेले, केरीतून केसरबाई गेल्या, आणि परदेशी माणूस ट्रान्सच, म्हणजे ते किनाऱ्यावरचं संगीतच, विचारतो. आमच्या बुवांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "असू दे. त्यांच्या जत्रेत ते, आपल्या जत्रेत आपण. पहाटेपर्यंत दोघंही जागतो."

तर तो कीबोर्ड: ऑस्मोस. एक्स्प्रेसिव्ह ई नावाच्या फ्रेंच कंपनीचा, आत अमेरिकेतल्या हाकेन ऑडिओचं आवाजाचं यंत्र. ४९ पट्ट्या, नेहमीच्या आकाराच्या, एका वेळी २४ सूर. जाहीर झाला २०१९ मध्ये, लोकांच्या हातात यायला पुढे काही वर्षं गेली.

दिसायला साधा कीबोर्ड. पट्टीवर बोट ठेवा, पूर्ण दाबू नका, नुसतं ठेवून थोडं वजन द्या. सूर तिथेच सुरू होतो, हळू, भाता भरत आल्यासारखा. आणखी दाबा, सूर फुलतो. तळाला टेकली असं वाटतं तिथून पट्टी अजून खाली जाते, मऊ, आणि सूर आणखी उघडतो. बोट सावकाश उचला, तो तसाच सावकाश मिटतो. आणि पट्टी डावी-उजवी हलते. जराशीच, खिळखिळी झाल्यासारखी. जेवढी हलवाल तेवढा तो एकच सूर चढतो-उतरतो, शेजारचा जागचा हलत नाही. प्रत्येक सुराला मिडीचा स्वतंत्र चॅनल दिला की हे साधतं. २०१८ मध्ये या पद्धतीला एमपीई नावाने अधिकृत मान्यता मिळाली. म्हणजे गवय्याची मींड एकीकडे, तानपुरा दुसरीकडे. माझा दुकानातला प्रश्न इथे सुटला.

बुवा बसले. वय एक्याऐंशी. उजवा हात पट्ट्यांवर ठेवला आणि डावा हात आपोआप मागे गेला, भाता शोधायला. तिथे काही नव्हतं. हात हवेत दोन-तीनदा हलला आणि मग मांडीवर आला. त्यांनी डोळे मिटले आणि दरबारीचा गंधार लावला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दरबारीचा गंधार कोमलाहूनही उतरलेला आणि झुलता असतो. पेटीवर तो नाहीच. पेटीवाला गाणाऱ्याच्या मागे रिषभ-मध्यमाच्या आधाराने कसाबसा आडोसा करतो आणि त्या जागी हात उचलून घेतो. साठ वर्षं बुवांनी त्या जागी हात उचलला होता. इथे त्यांनी बोट ठेवलं, वजन दिलं आणि सावकाश डावीकडे झुकवलं. गंधार खाली गेला, वर आला, परत खाली गेला. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. मग दोन पट्ट्या एकत्र दाबून वजन एकीवरून दुसरीवर सरकवायची तऱ्हा विद्यार्थ्याने दाखवली, तेव्हा मध्यमावरून गंधारावर अखंड मींड आली.

कोणी काही बोललं नाही. मग बुवांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "हे आकाशवाणीवाल्यांना दाखव."

१९४० ते १९७१ आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, याच कारणासाठी, की तिला श्रुती (दोन सुरांमधल्या बारीक जागा) नाहीत आणि मींड नाही. बुवांच्या उमेदीची वर्षं त्यात गेली. पेटी मुळात फ्रान्समधलीच, १८४२ ची. दुरुस्ती यायला एवढा वेळ लागला म्हणायचा.

तर मग मी ऑस्मोस घेतला का? नाही. एक तर किंमत बघून मी तो पडदा लगेच बंद केला. दुसरं, माझी बोटं पेटीची. द्रुत तान घेताना पट्ट्या आडव्या ढकलल्या जातात, आणि ऑस्मोसला तीही मींडच वाटते. माझी पहिली तान दारू प्यालेल्या माणसासारखी गेली. आडवी हालचाल किती मानायची ते कमी करता येतं, पण ती कमी केली तर घेतला कशाला? यावर हात बसवायला वर्ष-दोन वर्षं रियाज लागेल, नवं वाद्य म्हणूनच. स्टुडिओत, चित्रपटाच्या पार्श्वसंगीताला, शांत मैफलीत हा सोनं आहे. जत्रेत एका बाजूला फेरीवाल्यांचा भोंगा, दुसऱ्या बाजूला जनरेटर, आणि नट विंगेतून अर्धा सूर उतरव म्हणतोय, तिथे मला बटणं लागतात. तरुण असतो, पेटीने बोटं घट्ट केली नसती, तर कर्ज काढून हाच घेतला असता.

मॉडएक्स एम६ घेतला. त्याच दुकानातून, आणि त्या पोराने सोबत पायाचा पेडल कमी भावात दिला, बहुधा त्या गंधाराची आठवण ठेवून. ॲडॅप्टर बाहेरचा आहे, तेव्हा जत्रेत कोणीतरी तो उपटून मोबाइल लावणार हे धरून मी पिनेला लाल चिकटपट्टी गुंडाळली आहे आणि तिच्यावर "देवाचा" असं लिहिलं आहे. पावसाळ्यासाठी खोक्यात सिलिका जेलच्या पिशव्या टाका, त्या महिन्या-दोन महिन्यांनी बदला आणि कीबोर्ड जमिनीवर ठेवू नका. ७६ पट्ट्यांचा घ्यायचं मनात होतं. पण मोजून बघितलं, आमच्या व्हॅनच्या मागच्या सीटवर ६१ वाला आडवा बसतो, तबलावाला शेजारी. ७६ वाला घेतला असता तर तबलावाल्याला बसने यावं लागलं असतं, आणि परतीला पहाटे चारला बस नसते.